पंचांग चाळताना



आपल्या भैरवगढच्या बहुतेक मराठी घरांत देवघराजवळ एक खिळा असतो आणि त्या खिळ्याला दोऱ्याने अडकवलेले पंचांग असते. कोपऱ्यावर हळदीकुंकवाचे बोट, मधल्या पानांत दुधाचा हिशेब, मागच्या पुठ्ठ्यावर कुणाचा तरी फोन नंबर. चतुर्थी कधी, एकादशी कधी, ग्रहण आहे का, एवढे विचारण्यापुरते ते खाली उतरते आणि काम झाले की पुन्हा खिळ्यावर जाते.

या अंकात आम्ही तुम्हाला थोडे वेगळे काम सांगणार आहोत. एखाद्या सुटीच्या दुपारी काहीही विचारायचे नसताना पंचांग खाली काढा आणि नुसते चाळा. ज्याला उत्तर हवे असते तो एक रकाना पाहून उठतो. चाळणाऱ्याला मात्र न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सापडतात. आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलीला असेच एक उत्तर सापडले आणि त्यामुळे तिच्या घरातील एक जुनी चूक दुरुस्त झाली. ती हकीगत पुढे येईलच. आधी पंचांग कसे वाचायचे ते पाहू.

एक ओळ वाचू या

पंचांग म्हणजे पाच अंगे: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यातला वार सर्वांना येतो. बाकीची चार अंगे सूर्य आणि चंद्र आकाशात कुठे आहेत यावरून काढतात.

अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला असतात. तिथून चंद्र पुढे सरकू लागतो. तो सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. ३६० अंशांच्या अशा ३० तिथी होतात. नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेवरचे २७ टप्पे, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. योग सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज करून मिळतो. करण म्हणजे अर्धी तिथी.

चंद्राचा वेग सारखा नसतो. पृथ्वीजवळ असताना तो भरभर जातो आणि दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी जवळजवळ २७ तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल तीच त्या दिवसाची तिथी, हा सर्वसाधारण नियम. मग एखादी छोटी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर? तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला क्षय तिथी म्हणतात.

उदाहरण घ्या. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला होता. ३१ मार्चला सकाळी सव्वानऊच्या थोडे आधी तृतीया लागली आणि १ एप्रिलच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास, सूर्य उगवण्यापूर्वीच संपली. म्हणून त्या वर्षी पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊऐवजी आठच दिवस झाले. 'या वर्षी नवरात्र एका दिवसाने कमी का?' हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. पंचांगातील दोन ओळी शेजारी ठेवून वाचल्या की उत्तर समोर येते.

कोल्हा, बेडूक आणि हत्ती

लहान मुलांना पंचांगातले पावसाचे पान सर्वांत जास्त आवडते. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा अशी साधारण १३-१४ दिवसांची एकेक पाळी. प्रत्येक पाळीला एक वाहन असते: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती.

हे वाहन कसे ठरते ते आम्ही वर्गात विचारले, तेव्हा बहुतेकांना वाटले की कुणीतरी आपल्या मनाने लिहीत असेल. तसे नाही, ते गणित आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून, तेही धरून, त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि ९ ने भागायचे. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, याप्रमाणे पुढे. बाकी शून्य तर हत्ती. समजा सूर्य मृगात शिरताना चंद्र स्वातीत आहे. मृगापासून स्वातीपर्यंत ११ नक्षत्रे होतात. ९ वजा जाता बाकी २, म्हणजे कोल्हा. पाचवीच्या मुलांनाही हे जमते.

बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, असा जुना समज आहे. पाऊस मात्र वाहन पाहून पडत नाही. हा भाग आम्ही मुद्दाम घेतला, कारण पंचांगात आकाश पाहून ताडता येणाऱ्या गोष्टी आणि केवळ परंपरेने चालत आलेल्या गोष्टी एकाच पानावर शेजारी छापलेल्या असतात. २०२५ सालच्या ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणात रात्री ११ वाजून १ मिनिटाने चंद्र पूर्ण झाकला जाणार, ही वेळ कितीतरी आधी काढलेली होती आणि कुणालाही घड्याळ लावून तपासता आली असती. राशिभविष्याच्या पानाला अशी परीक्षा देता येत नाही. ते पान गंमत म्हणून जरूर वाचा, पण दोन्ही पाने एका तराजूत घालू नका.

एका चंद्राची दोन पंचांगे

आता आपल्या गावच्या खास गोष्टीकडे वळू. पुण्या-सोलापूरच्या मुलांना जी अडचण सहसा येत नाही, ती आपल्याला दर महिन्याला येते. आपल्या घरात दोन पंचांगे असतात. एक मराठी, बहुधा महाराष्ट्रातून कुणीतरी आणलेले. दुसरे इथले हिंदी. मराठी पंचांगात शके आणि हिंदी पंचांगात विक्रम संवत. शकात १३५ मिळवले की संवत मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. २०२५ च्या पाडव्याला शके १९४७ आणि संवत २०८२ सुरू झाले. गंमत अशी की संवत्सराचे नावही निराळे. मराठी पंचांगात विश्वावसु, तर इथल्या पंचांगात सिद्धार्थी. साठ नावांची माळ एकच, पण उत्तरेकडे गुरूच्या गतीप्रमाणे साधारण ८५ वर्षांनी एक मणी वगळतात. आपल्याकडे न वगळता मोजतात.

पण खरा फरक महिन्याचा आहे. मराठी महिना अमावास्येला संपतो. त्याला अमान्त म्हणतात. इथला महिना पौर्णिमेला संपतो, तो पौर्णिमान्त. आपल्याकडे आधी शुद्ध पक्ष आणि मग वद्य पक्ष. इथे आधी कृष्ण पक्ष आणि मग शुक्ल पक्ष. परिणाम असा की शुद्ध पक्षात दोन्ही पंचांगांचे महिने जुळतात, वद्य पक्षात मात्र इथले पंचांग एक नाव पुढे असते.

गावातलीच उदाहरणे पाहा. कार्तिक शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीला, सिद्धवटाला दूध वाहण्यासाठी गर्दी होते. पक्ष शुद्ध, म्हणून दोन्ही पंचांगांत महिना कार्तिकच. पण त्यानंतर आठ-दहा दिवसांतच कालभैरवाची अष्टमी येते. ती आपल्या पंचांगात कार्तिक वद्य अष्टमी आणि इथल्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण अष्टमी. मंदिर तेच, रांग तीच, आकाशातला अर्धा चंद्रही तोच. महाशिवरात्र आपली माघ वद्य चतुर्दशी, तर शेजारच्या घरी फाल्गुन कृष्ण चतुर्दशी.

महाकालाच्या सवारीत तर दोन्ही पंचांगे एकत्र चालतात. सवारी इथल्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि इथल्या भाद्रपदाच्या कृष्ण पक्षापर्यंत निघते. श्रावण संपल्यावरही सवारी का, असे बाहेरगावचे पाहुणे विचारतात. कारण आपला, मराठी श्रावण तेव्हा चालू असतो! शिंदे राजवटीच्या काळातील मराठी रीत तिथे टिकून आहे. पूर्वी सवारी फक्त मराठी श्रावणातच निघे आणि पुढे ज्योतिषी पं. सूर्यनारायण व्यास यांच्या पुढाकाराने इथल्या श्रावणाचा पहिला पंधरवडाही त्यात आला, असे उज्जैनमध्ये सांगितले जाते. २०२३ साली श्रावणच अधिक आला, तेव्हा १० जुलै ते ११ सप्टेंबर अशा दहा सवाऱ्या निघाल्या. २०२५ साली सहाच होत्या. आता अधिक महिन्याचे पान उघडा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्त धरावा लागतो. दहा आणि सहा यांतला फरक तिथेच कळेल.

एका चिठ्ठीची हकीगत

आता ती हकीगत. घरच्या मंडळींच्या संमतीने, नावे न देता सांगत आहोत.

आम्ही आठवीच्या वर्गाला घरची दोन्ही पंचांगे आणायला सांगितले होते. एका मुलीने त्यांच्याबरोबर एक जुने, पिवळे पडलेले पंचांगही आणले. त्यात तिच्या आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'आई. श्रावण वद्य ५.' आजोबा होते तोवर ते आपल्या आईचे वर्षश्राद्ध स्वतः करीत. ते गेल्यावर मुलीच्या बाबांनी ते चालू ठेवले. बाबांचे शिक्षण हिंदीतून झालेले. वद्य म्हणजे कृष्ण, हे त्यांना माहीत होते. त्यांनी इथल्या पंचांगात श्रावण कृष्ण पंचमी पाहिली आणि त्या दिवशी सिद्धवटावर जाऊन श्राद्ध केले. असे अकरा वर्षे चालले.

वर्गात पंचांग चाळताना त्या मुलीच्या लक्षात आले की इथली श्रावण कृष्ण पंचमी गुरुपौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी आहे आणि मराठी पंचांगातील श्रावण वद्य पंचमी गोकुळाष्टमीच्या तीन दिवस आधी आहे. दोन्हींत एक महिन्याचे अंतर. ती घरी गेली आणि आजीला एवढेच विचारले, "आजी, पणजी गेली तेव्हा गोकुळाष्टमी झाली होती का गं?"

आजी म्हणाली, "छे! तीन दिवसांवर होती. सुतक होतं ना, त्या वर्षी पाळणासुद्धा बांधला नाही."

मुलीने दोन्ही पंचांगे आजीपुढे उघडून ठेवली. आजीने चष्मा लावून दोन्हीकडे बोट फिरवले. बाबा गप्पच होते. अकरा वर्षे आपण चुकलो, हे त्यांना फार लागले होते. शेवटी आजीच म्हणाली, "म्हणजे सासूबाई इतकी वर्षं महिनाभर आधीच जेवून जात होत्या की! त्यांना घाई असायचीच." मग ती बाबांना म्हणाली, "तू केलंस ते मनापासून केलंस रे. आता यंदापासून नीट करू."

त्या वर्षी श्राद्ध योग्य दिवशी झाले. सिद्धवटावर पंडितजींनी संकल्पात 'भाद्रपद मासे कृष्ण पक्षे' म्हटले, तेव्हा मुलगी दचकून आजीकडे पाहू लागली. आजी हळूच म्हणाली, "बरोबर आहे. त्यांचा भाद्रपद, आपला श्रावण." दोघेही बरोबर होते आणि दिवस एकच होता.

पालकांना आमची विनंती अशी की घरातील अशा तिथी लिहून ठेवताना महिना, पक्ष, तिथी, शके किंवा संवत आणि इंग्रजी तारीख, हे सगळे लिहावे. शेवटी 'मराठी पंचांगाप्रमाणे' किंवा 'इथल्या पंचांगाप्रमाणे' असेही लिहावे. लिहिणाऱ्याला ते उघड असते, पण नातवाला नसते.

सूर्य कुठला उगवला?

चाळताना आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या पंचांगातला सूर्योदय कोणत्या गावचा आहे? मुंबईचा छापला असेल तर तो उज्जैनला तसाच चालणार नाही. उज्जैन मुंबईच्या पूर्वेला सुमारे ३ अंश आहे आणि उत्तरेलाही आहे. म्हणून जूनच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २० मिनिटे आधी उगवतो, तर डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम तीन-चार मिनिटे आधी. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या आई-काकूंनाही हा फरक लागू आहे. तिथी संपण्याचा क्षण मात्र मुंबईत आणि उज्जैनमध्ये एकच असतो.

उज्जैनच्या मुलांनी तर हे कळून घ्यायलाच हवे. जुन्या भारतीय ज्योतिषग्रंथांत रेखांश ज्या मध्यरेषेपासून मोजत, ती अवंतीतून, म्हणजे आपल्या उज्जैनमधून जाते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिप्रेच्या काठी, सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. ती मोडकळीला आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाने तिचे काम सांभाळले. ग्रहगणितावरचा 'सर्वानंदकरण' हा ग्रंथ त्यांचाच. १९४२ पासून ही वेधशाळा दरवर्षी ग्रहांच्या स्थितीचे पंचांग छापत आली आहे.

तिथल्या सम्राट यंत्राच्या सावलीवर वाचलेली वेळ आणि तुमच्या मनगटावरची वेळ जुळत नाही, म्हणून यंत्र बिघडले असे समजू नका. आपले घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशाचे आहे. उज्जैन त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून आपली स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटांनी मागे असते. शिवाय सूर्यही वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावलीच्या वेळेत सुमारे ११ मिनिटे मिळवावी लागतात आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे ४१.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी जे मध्यवर्ती ठिकाण धरले, त्याचे रेखांश ८२ अंश ३० कला आणि अक्षांश २३ अंश ११ कला आहेत. हे अक्षांश ओळखीचे वाटतात का? ते उज्जैनचे आहेत.

ज्यांनी पंचांग दुरुस्त केले

पंचांग वर्षानुवर्षे तसेच चालत आले, असे वाटण्याचा संभव आहे. पण ते वेळोवेळी दुरुस्त झाले आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहून गणित सोपे केले. पुढच्या तीनशे वर्षांत गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, नव्या वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू केले. व्यवसायाने शिक्षक असलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास मराठीत लिहिला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' रचले. सोलापूरच्या दाते पंचांगाला शंभराहून अधिक वर्षे झाली. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने तर पंचांग भिंतीवर सर्वांना वाचता येईल असे केले.

या सर्वांनी छापलेले पान आणि वरचे आकाश ताडून पाहिले. आमच्या वर्गातील मुलीने दोन पंचांगे आणि आजीची आठवण ताडून पाहिली. काम लहान असले तरी रीत तीच.

आता तुम्ही करा

१. घरातील दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून पुढच्या वद्य पक्षातील एका सणाचे दोन्हीकडचे महिने लिहा.

२. पुढच्या तीन महिन्यांत एखादी क्षय तिथी किंवा वृद्धी तिथी आहे का ते शोधा. दोन सूर्योदयांना एकच तिथी असली तर ती वृद्धी.

३. येत्या मृग नक्षत्राचे वाहन स्वतः मोजून काढा आणि मग छापलेले पाहा. पाऊस कसा पडला तेही लिहून ठेवा.

४. आपल्या घराच्या गच्चीवरून सूर्योदयाची वेळ सात दिवस नोंदवा. पंचांगातील वेळेशी किती फरक पडतो?

५. आजी-आजोबांना विचारून घरातील महत्त्वाच्या तिथी दोन्ही पंचांगांप्रमाणे एका वहीत लिहा. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नका. ज्यांना आठवते, त्यांना आताच विचारायला हवे.

वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक नोंदी पुढील अंकात छापू. आणि हो, पंचांग वाचून झाले की पुन्हा खिळ्याला नीट अडकवा. संध्याकाळी आईला चतुर्थी पाहायची असेल.